तेरदाळकरबाई आणि रानलसूण

तेरदाळकरबाईंच्या तोंडी एक शब्द कायम असायचा: "जाऊ दे." आणि त्याच्या पाठोपाठ, श्वाससुद्धा न घेता, "पण ऐक." मग पुढची वीस मिनिटं त्या काहीही जाऊ देत नसत. डेल्फ्टमध्ये आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मी दुसऱ्या. जिन्यात भेट झाली की हे ठरलेलं. कुणीतरी सायकल दारात आडवी लावलेली असायची, सुपरमार्केटवाल्यांनी कोथिंबिरीच्या जागी पार्सली ठेवलेली असायची, खेमेंतेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, रस्त्याकडेची फुलं ऐन बहरात यंत्र फिरवून सपाट केलेली असायची. "जाऊ दे. पण ऐक."

मूळच्या सांगलीच्या. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकल्या, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आल्या आणि नवरा वारल्यावर इथेच राहिल्या. विद्यापीठात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळायच्या. दिवसभर दुसऱ्यांनी आणून दिलेले धातूचे तुकडे बघायचे, त्यातल्या चिरांचे फोटो काढून द्यायचे. यापलीकडचं चरित्र मला ठाऊक नाही. "आंटी" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही आणि "मॅडम" म्हटलं की ऑफिसात बसल्यासारखं वाटतं म्हणायच्या. "बाई म्हण. शाळेत म्हणायचीस ना, तसंच."

आमची ओळख मात्र जिन्यात झाली नाही. मी पीएचडीला नुकतीच आले होते. डेल्फ्टच्या बाहेर, सायकलनं अर्ध्या तासावर एक जुनी इस्टेट आहे. कुण्या श्रीमंत घराण्याचा वाडा, त्याभोवती बीच जातीची उंच झाडं, एक तळं, आणि सगळ्यांना फिरायला मोकळ्या असलेल्या पायवाटा. मार्च सरत आला होता. झाडांना अजून पान नव्हतं, पण जमीन हिरवीगार आणि हवेत लसणाचा वास. इथे रानात लसूण उगवतो, त्याची पानं खातात, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. दासलोक त्याचं डच नाव. कानाला "दास लोक" असंच ऐकू यायचं. एका हातानं फोन कानाला लावून मी आईला ते सांगत होते आणि दुसऱ्या हातानं पानं उपटत होते.

"आईला म्हणावं, नंतर फोन करते," मागून मराठीत आवाज आला.

मी वळले. नारिंगी रेनकोट, पांढरे आखूड केस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"मुळासकट का उपटतेस? कांदा गेला की पुढच्या वर्षी काय उगवणार? आणि दुसऱ्याच्या जमिनीवर विचारल्याशिवाय तोडत नाहीत इथे. पिशवी बघू."

मी पिशवी दिली. त्यांनी ती तिथेच पालथी केली आणि एकेक पान बाजूला काढत गेल्या. "हा लसूण. प्रत्येक पानाला स्वतःचा देठ, थेट जमिनीतून आलेला. पान मऊ, खालून फिकं. आणि हे काय आहे?"

दोन पानं माझ्याकडे आली. जाड, तुकतुकीत.

"लसूणच," मी म्हटलं. "वास येतोय की."

"तुझ्या हाताला येतोय. दहा पानं लसणाची तोडल्यावर अकराव्या पानाला कशाचा वास येणार? हे अळवाच्या घराण्यातलं आहे. आरोन्सकेल्क म्हणतात. मोठं झालं की पान बाणासारखं होतं, पण आता कोवळं आहे, तर बाण कळत नाही. आपलं अळू खाजतं ना, त्याच्या कैक पटीनं. पान बघायचं. नाकावर जायचं नाही."

मग त्यांनी माझ्याकडून उपटलेले सगळे कांदे परत मातीत लावून घेतले. येताना आम्ही एकाच इमारतीपाशी सायकली थांबवल्या, तेव्हा दोघींनाही कळलं की आपण वर-खाली राहतो. "म्हणजे रात्री फोनवर मोठमोठ्यानं बोलतेस ती तूच," बाई म्हणाल्या.

त्या रानात बाई स्वयंसेविका होत्या. इस्टेटीची देखभाल करणारी स्थानिक लोकांची एक समिती होती, बाई तिच्यात दर शनिवारी जायच्या. फांद्या उचलायच्या, वाटा साफ करायच्या. पण त्यांचा जीव होता तो वेगळ्याच गोष्टीत. बीचच्या झाडांखाली, तळ्याच्या अंगाला, एक पांढऱ्या फुलांचा पट्टा होता. बोसअनेमोन. घोट्याएवढं रोप, वर एकच फूल, चांदणीसारखं. ऊन आलं की उघडायचं, ढग आला की मिटायचं. "या देशातल्या उन्हावर विसंबून फुलायचं म्हणजे बघ किती धीर हवा," बाई म्हणायच्या. झाडांना पानं फुटून सावली होईपर्यंत जे काय तीन-चार आठवडे मिळतात, त्यात त्या रोपाला सगळं उरकायचं असतं. आणि पसरतं कसं, तर मुळानं, जमिनीखालून, वर्षाला जेमतेम बोटभर.

रानलसूण तसा नाही. त्याचं बी पडतं आणि रुजतं. मी पहिल्यांदा गेले त्या वर्षी लसणाची कड अनेमोनच्या पट्ट्यापासून चार हात लांब होती. पुढच्या वर्षी ती पट्ट्यात शिरली. लसणाची रुंद पानं वर पसरली की खालच्या अनेमोनला ऊन मिळत नाही, आणि ऊन नाही तर फूल नाही. बाई दर बैठकीत हे सांगायच्या. समितीचा प्रमुख विम नावाचा निवृत्त शिक्षक होता. उंच, हसरा, कधीही आवाज न चढवणारा. तो बाईंचं सगळं ऐकून घ्यायचा, कॉफी पुढे करायचा, बरोबर एकच बिस्किट, आणि म्हणायचा, "सुलभा, निसर्ग आपला तोल आपणच सांभाळतो."

"निसर्ग," बाई जिन्यात माझ्यापाशी धुमसायच्या. "अगं, हे रान नाहीच. शेदोनशे वर्षांपूर्वी कुणा बाईनं हौसेनं लावलेली बाग आहे. दोन्ही फुलं माणसानंच आणून लावलीत. लावायला माणूस चालतो, सांभाळायला नाही चालत? जाऊ दे. पण ऐक."

त्यांचं डच उत्तम होतं, पण चिडल्या की त्यात सांगली उतरायची. शब्द डच, हेल आपला. विमला ते भांडण वाटायचं. बाईंना ते बोलणं वाटायचं. मला वाटतं त्यांचं अर्धं दुखणं तिथेच होतं.

लसूण खणून काढायला समिती तयार होईना, तेव्हा बाईंनी दुसरा मार्ग काढला. खणू नका, पण खाऊ तरी द्या. पट्ट्याच्या कडेची पानं फुलण्याआधी नीट खुडली तर लसणाचा जोर कमी होईल, बी कमी पडेल. आणि खुडायला माणसं मी आणते. आपल्या मराठी मंडळींना हिरवा लसूण म्हटला की पुरे. विमला कल्पना आवडली. लोकसहभाग वगैरे. एका शनिवारची परवानगी मिळाली, चाचणी म्हणून.

बाईंना इतक्या उत्साहात मी त्याआधी पाहिलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी स्वतः निरोप टाकला. वीसेक जण आले. डीमनहून दोन कुटुंबं, डेल्फ्टचे विद्यार्थी, आणि हूफडॉर्पहून मंदार. मंदार आयटीत, ग्रुपवर सर्वांत बोलका, कुठल्याही कार्यक्रमाचा व्हिडिओ करणारा. माणूस वाईट नाही. कुणाचं सामान हलवायचं असलं की पहिला हजर.

बाईंनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सुरुवात केली. देठ, पान, खालची बाजू. लिली ऑफ द व्हॅली कशी ओळखायची, तिची दोन पानं एकाच दांड्यावर एकमेकांना गुंडाळलेली असतात, ती पोटात गेली तर हृदयावर जाते. आरोन्सकेल्क कसा ओळखायचा. एका वेळी एकच पान, बघून, कात्रीनं. मूठ भरून ओढायचं नाही. पांढऱ्या फुलांवर पाय पडू द्यायचा नाही.

"दास म्हणजे टाय ना डचमध्ये?" मंदारनं मध्येच विचारलं. "टायचा लसूण?"

लोक हसले. "टायला पण दास म्हणतात आणि बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्यालाही दास म्हणतात," बाई म्हणाल्या. "हा बॅजरचा. आता ऐका."

पण आता कुणी ऐकत नव्हतं. थालीपिठात घालायचा की पिठल्यात, यावर चर्चा सुरू झाली होती. एकीनं डबा काढला, त्यात सँडविच. मुलं डचमध्ये ओरडत तळ्याकडे पळाली. बाई आवाज चढवत गेल्या, लोक आणखी पांगत गेले. तरीही, त्या दिवशी काम बरं झालं. बाईंनी प्रत्येकाची पिशवी निघताना स्वतः तपासली. तिघांच्या पिशवीतून नको ती पानं काढली. पट्ट्याच्या कडेला एक मोकळी चिंचोळी पट्टी तयार झाली होती. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"जागेचं नाव ग्रुपवर टाकू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "परवानगी आजच्यापुरती आहे."

मंदारचा व्हिडिओ संध्याकाळी आला. छान केला होता. मागे बासरी, पुढे पांढरी फुलं, बाईंचा नारिंगी रेनकोट, आणि खाली नकाशावरची खूण.

पुढच्या रविवारी मला केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे मंदारची बायको. आवाज कापत होता. मंदारची आई नाशिकहून दोन महिन्यांसाठी आली होती. सकाळी सगळे मिळून पुन्हा इस्टेटीत गेले होते, काकूंना फुलं दाखवायला, आणि पिशवीभर पानं घेऊन आले होते. केतकीनं दुपारी त्याचा ठेचा केला. हिरव्या मिरच्या, दाणे, रानलसूण, कच्चाच. काकूंनी भाकरीबरोबर चांगला दोन-तीनदा वाढून घेतला. केतकीनं आणि मंदारनं अजून खायला घेतलं नव्हतं. आणि आता काकूंचे ओठ सुजले होते, जीभ जाड झाली होती, बोलता येत नव्हतं.

मी फोन स्पीकरवर टाकून जिना चढले. बाईंनी दार उघडलं, अर्धं वाक्य ऐकलं आणि फोन हातात घेतला. आवाज एकदम शांत. "केतकी, आधी ॲम्ब्युलन्स बोलाव. आत्ता. चूळ भरायला पाणी दे. उलटी काढायला लावू नको. ठेच्यात घातली नाहीत अशी पानं उरलीत का? ती आणि ठेचा, दोन्ही बरोबर घे."

आम्ही ट्रेन आणि बस करून हॉस्पिटलात पोचलो तोवर काकूंना आत घेऊन इंजेक्शन दिलं होतं. श्वास चालू होता. घसा बंद होईल की काय ही भीती होती, ती उतरत होती. बाईंनी केतकीच्या हातातली पिशवी घेतली, बाकावर रुमाल पसरला आणि पानं वेगळी करायला बसल्या. लसूण, लसूण, लसूण, आरोन्सकेल्क. लसूण, आरोन्सकेल्क. मुठीनं ओढलेली पानं होती, देठ फाटलेले. लिलीचं एकही नव्हतं. बाईंनी दोनदा बघितलं आणि मग तरुण डॉक्टर बाईला बोलावून नीट समजावून सांगितलं: या पानात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात, हृदयाला धोका असलेली वनस्पती यात नाही. डॉक्टर बाईनं मान डोलावत सगळं लिहून घेतलं.

मंदार भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक. बाई उठल्यावर तो म्हणाला, "तुम्हीच नेलं होतं आम्हाला तिथे."

मला वाटलं आता बाई सुटतील. त्यांनी पानं परत पिशवीत भरली. रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली.

काकूंना रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निरोप पाठवला, त्या पानवाल्या बाईंना भेटायचंय. मीही गेले. काकू लहानखुऱ्या, उशीला टेकून बसलेल्या. ओठ अजून जाड होते, पण बोलता येत होतं.

"चव वेगळी लागली होती मला," काकू म्हणाल्या. "पहिल्याच घासाला जिभेला टोचलं. आधी म्हटलं मिरचीच तिखट असेल. मग कळलं, हे मिरचीचं नाही."

"मग थांबला का नाहीत?" बाईंचा आवाज चढला. "म्हणायचं ना, की टोचतंय."

"सुनेनं इतक्या हौसेनं केलं होतं. मुलगा व्हिडिओ काढत होता."

"म्हणून खात राहिलात? जीव गेला असता. बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही तर सगळं बोलला होतात म्हणे," काकू म्हणाल्या. "ऐकलं का कुणी?"

बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. मग दोघी सांगलीच्या आणि नाशिकच्या अळवाबद्दल बोलू लागल्या, चिंच किती घालायची, आंबट चुका मिळतो का. तासभर बोलल्या. जाताना काकू म्हणाल्या, "ती पांढरी फुलं मात्र फार सुंदर होती हो." बाई दारात थबकल्या. त्या फुलांचं नाव काढणारी आमच्या मंडळींमधली ती पहिलीच व्यक्ती होती.

ग्रुपवर मंदारचा लांबलचक निरोप आला. आई सुखरूप असल्याचा, आणि यापुढे रानातली पानं खाणं, कुणी जाणकारानं नेलेल्या वॉकमध्येसुद्धा, किती धोक्याचं आहे याचा. बाईंचं नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळेल असाच होता. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून उत्तर टाइप करत होत्या. लिहायच्या, खोडायच्या. "पिशव्या मी तपासल्या होत्या हे लिहू? लिहिलं तर मी स्वतःला वाचवतेय असं वाटेल. नाही लिहिलं तर त्याचं खरं वाटेल." शेवटी त्यांनी काहीच पाठवलं नाही. मी लिहिलं, बाईंनी त्या दिवशी काय काय सांगितलं होतं ते. त्यावर एकानं विचारलं, मग पुढचा वॉक कधी आहे.

तोपर्यंत रानातलं नुकसान होऊन गेलं होतं. व्हिडिओ बघून लोक दोन शनिवार-रविवार येत राहिले होते. लसूण वाटेपासून आत होता, आणि मध्ये अनेमोनचा पट्टा. सगळे त्याच्यावरून चालत गेले. ती रोपं एकदा तुडवली की त्या वर्षी पुन्हा उठत नाहीत. बाई मला घेऊन गेल्या तेव्हा पट्ट्याच्या मधोमध चिखलाची नवी पायवाट झाली होती. जिथे लसणाची कड खुडून मोकळी केली होती, तिथेही बुटांचे ठसे होते. बाई खाली बसल्या, एक मोडलेलं रोप सरळ करायला गेल्या आणि ते हातात आलं.

समितीनं बैठक बोलावली. त्या शनिवारी काय सांगितलं होतं याला साक्षीदार लागला तर म्हणून बाईंनी मला बरोबर नेलं होतं, पण तसं कुणी विचारलं नाही. विमनं कॉफी दिली. "आम्ही तुम्हाला दोष देत नाही, सुलभा," तो म्हणाला. मग इस्टेटीचे मालक काय म्हणाले ते सांगितलं. मग पुन्हा, "दोष देत नाही." तळ्याच्या बाजूची वाट दोर लावून बंद होणार होती. खुडणं कायमचं बंद. आणि बाईंनी काही काळ विश्रांती घेतली, अवजारांच्या खोलीची किल्ली इथेच ठेवली, तर सगळ्यांनाच बरं पडेल.

"दोष देत नाही तर अवजारांच्या खोलीची किल्ली का मागता?" बाईंनी विचारलं.

विम कसनुसं हसला. "थोड्या काळासाठी."

"आणि अनेमोन?"

"आता त्या भागात कुणीच जाणार नाही. निसर्गाला वेळ देऊ."

"वेळ लसणाला मिळेल," बाई म्हणाल्या. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडताना त्यांना दोनदा किल्ली फिरवावी लागली. मी वाट बघत होते, पण त्या "जाऊ दे"सुद्धा म्हणाल्या नाहीत.

नंतरच्या हिवाळ्यात त्या निवृत्त झाल्या. सांगलीला बहिणीकडे जायचं ठरवलं. घर रिकामं करण्यात दोन महिने गेले. सोफा कुणी घेत नाही म्हणून त्या वैतागल्या, खेमेंतेतून नाव काढायला तीन वेळा जावं लागलं म्हणून वैतागल्या. त्यांचा तो वैताग ऐकून मला बरंच वाटलं. मंदार सामान न्यायला गाडी घेऊन आला होता. न सांगता आला, खोकी उतरवली. बाईंनी त्याला चहा दिला आणि आईची चौकशी केली.

जायच्या आदल्या आठवड्यात इस्टेटीचा खुला दिवस होता. बाई म्हणाल्या, येतेस का, आणि आम्ही सायकलनं गेलो. एप्रिल संपत आला होता. लसूण ऐन फुलात होता. तळ्यापासून वाड्याच्या भिंतीपर्यंत नुसतं पांढरं, इतकं की डोळे दिपावेत. दोर त्या दिवसापुरता काढला होता. विम पन्नासेक लोकांना घेऊन चालला होता, आम्ही सगळ्यात मागे. त्यानं बाईंना पाहिलं, हात हलवला, बाईंनीही हलवला.

तळ्याच्या वळणावर लोक फोटो काढू लागले. निळा स्कार्फ बांधलेल्या एका बाईनं विमला विचारलं, "इथे पूर्वीपासून हेच होतं का?"

"पूर्वीपासून," विम म्हणाला. तो मुद्दाम खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत असावं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या पुढे गेल्या, पण विमकडे नाही. त्या निळ्या स्कार्फवाल्या बाईपाशी गेल्या आणि हळू आवाजात, अगदी समजुतीनं, सांगू लागल्या की इथे एक वेगळं फूल होतं, याच्याहून बुटकं, ऊन आलं की उघडणारं, आणि ते अजून असेल, खाली, पान तर नक्कीच असेल, तुम्हाला दाखवते. सांगता सांगता त्या गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी लसणाची पानं बाजूला करू लागल्या. एक जागा, मग शेजारची, मग त्याच्या शेजारची. चुरगळलेल्या पानांचा वास वर आला. ती बाई थोडा वेळ वाकून बघत राहिली. तेवढ्यात विमनं पुढे जायची खूण केली आणि गट हलला. तिनं काहीतरी पुटपुटून बाईंच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि ती गेली.

बाईंना ते कळलं नसावं. त्या खालीच बघत होत्या, पानं बाजूला सारत, आणि डचमध्ये सांगत होत्या, "इथेच होतं, थांबा हं, इथेच कुठेतरी आहे."